‘85 टक्के बालगुन्हेगार बापाविना वाढलेले’: या आकड्याची झडती

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर साधारण असा: ‘तुरुंगातली 85 टक्के मुलं बापाविना वाढलेली असतात. आपल्याकडेही एकत्र कुटुंबं मोडली, घटस्फोट वाढले, म्हणून बालगुन्हेगारी दरवर्षी वाढतेय.’

‘85 टक्के’: आकडा अमेरिकी आहे. मूळ इंग्रजी मजकुरात आधार म्हणून जॉर्जियातल्या फुल्टन काउंटीचा तुरुंग आणि टेक्सासचा तुरुंग विभाग, 1992, एवढंच असतं. त्यावरून अख्ख्या अमेरिकेचं चित्रही ठरत नाही, नांदेड-नाशिक तर सोडाच. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या 1987च्या पाहणीत कोठडीतली सुमारे 70 टक्के मुलं आई-वडील दोघांजवळ वाढलेली नव्हती. आकडा मोठाच आहे. पण त्यात आजीकडे किंवा एकट्या वडिलांकडे वाढलेलीही आली. शिवाय कोठडीतली मुलं म्हणजे गुन्हा केलेली सगळी मुलं नव्हेत. घरी सोडायचं की आत ठेवायचं हे ठरवताना ‘घरी सांभाळायला कोण?’ हे पाहिलं जातं. एकट्या आईचं मूल तिथेच अडकू शकतं आणि मग आकड्यात दिसतं.

‘बाप नाही म्हणून’: दक्षिण लंडनमधल्या 411 मुलग्यांचा 1961पासून माग ठेवला गेला. गुन्हेशास्त्रज्ञ डेव्हिड फॅरिंग्टन यांच्या विश्लेषणात घर मोडल्यावर आईजवळ राहिलेली मुलं गुन्ह्यांच्या बाबतीत भांडण नसलेल्या अखंड घरांतल्या मुलांच्या जवळपासच निघाली. आई-वडील एकत्र, पण सतत कडाक्याची भांडणं, अशा घरांतली मुलं मात्र मोडलेल्या घरांतल्यांइतकीच गुन्ह्यांत सापडली. म्हणजे ‘काहीही करून संसार टिकवा’ हा सल्ला मुलाच्या अंगाशी येऊ शकतो.

‘दरवर्षी वाढतेय’: राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार ताब्यात घेतलेली मुलं 2016 मध्ये 44,171, 2019 मध्ये 38,685, तर 2021 मध्ये 37,444. यातली दहापैकी आठांहून अधिक आई-वडिलांसोबत राहणारी. यावरून ‘कुटुंबाचा काही संबंधच नाही’ असंही कुणी म्हणू नये. बहुतेक सगळीच मुलं आई-वडिलांकडे राहतात. पण या विभागाच्या तक्त्यात आई-वडील, पालक आणि बेघर एवढेच रकाने आहेत. एकत्र की विभक्त, घटस्फोटित की नाही, ही नोंदच नाही. मग मजकुरातलं कारण आलं कुठून?

हा समज फोनपुरता राहत नाही, ही खरी अडचण. 2015च्या बाल न्याय कायद्यानुसार मूल बाल न्याय मंडळापुढे (अशा मुलांची प्रकरणं ऐकणारं मंडळ) पहिल्यांदा हजर झाल्यापासून 15 दिवसांत परिवीक्षा अधिकाऱ्याने (मुलाच्या घरची परिस्थिती तपासणारा अधिकारी) सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. त्यात ‘वडील नाहीत, आई कामाला जाते’ एवढ्यावर भागवलं, तर मंडळाच्या हाती काहीच लागत नाही. शाळा कधी आणि का सुटली, आई कामावर असते त्या वेळात मूल कुठे आणि कोणाबरोबर असतं, घरात मारहाण किंवा दारू आहे का, मामा, आजी किंवा शेजारी यांपैकी कोण लक्ष ठेवू शकेल, हे अहवालात हवं. देखरेखीच्या अटी त्यावरूनच घालता येतात. नाहीतर सोपा रस्ता निरीक्षणगृहाकडेच, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात त्या जागेकडेच जातो.