आरती शिळी निघाली

आमच्या सोसायटीच्या गणपतीची आरती काल लाइव्ह गेली. लोकांच्या लक्षात काय राहिलं? ती उशिरा पोचली.

मागची खटपट थोडक्यात उरकतो. आरती यूट्यूबवर हवी, फेसबुकवर हवी, शिवाय 'आमचं कुठेच खातं नाही' म्हणणाऱ्या ज्येष्ठांसाठी साधी लिंकही हवी. सोसायटीच्या वायफायचा अपलोड इतका मरतुकडा, की तोच व्हिडिओ तीनदा चढवणं अशक्य. म्हणून भाड्याच्या सर्व्हरवर एनजिनएक्स या सर्व्हर-सॉफ्टवेअरचं आरटीएमपी मॉड्यूल बसवलं (आरटीएमपी म्हणजे लाइव्ह व्हिडिओ पाठवायची जुनी रीत): लॅपटॉपवरच्या ओबीएस या लाइव्ह पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून एकदाच पाठवायचं, पुढच्या प्रती सर्व्हर काढतो. त्यासाठी सर्व्हरचं १९३५ नंबरचं पोर्ट, म्हणजे व्हिडिओ आत यायचं दार, उघडलं. फेसबुकला २०१९पासून आरटीएमपीएस, म्हणजे त्याच रीतीचं कुलूपबंद रूप, लागतं आणि या मॉड्यूलला तो शेवटचा 'एस' जमत नाही, म्हणून मध्ये ते कुलूप लावून देणारं एसटनेल घुसवलं. ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवणारा फ्लॅश २०२०च्या अखेरीस गेला. त्याच्या घरचा हा आरटीएमपी प्रोटोकॉल मात्र श्राद्ध झाल्यावरही पंगतीला हजर. असो. सगळं चाललं. बाप्पाच्या पायाशी उभा राहून सांगतो, चाललं.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका आले. मूर्तीपासून चार फुटांवर उभे, आणि दर्शन मोबाइलमध्ये.

"अरे, इथे शंकराची सुरू झाली, यात अजून गणपतीचीच!"

"काका, वीसेक सेकंद मागे असतं. व्हिडिओचे सहा-सहा सेकंदांचे तुकडे होतात, तीन जमल्याशिवाय फोन दाखवत नाही."

"आरतीचे तुकडे केलेस?"

दोन काकूंच्या हातातले टाळ थांबले.

"मी नाही, सर्व्हर करतो."

"कुणाला विचारून?"

तुकडे दोन सेकंदांचे केले की या वायफायवर नुसतं चाक फिरत राहतं, हे कुणाला सांगणार?

"नात टोरांटोहून बोलते ती तिथल्या तिथे ऐकू येते. आणि तुझा गणपती मंडपातून मंडपात यायला वीस सेकंद घेतो?"

"तो दोघांतला कॉल, काका. हे सगळ्यांसाठी…"

"मग आपण आरतीच वीस सेकंद आधी सुरू करू."

मी हसलो. काका हसले नाहीत. ते गुरुजींकडे गेले, गुरुजींनी घड्याळ पाहून मान डोलावली, आणि आज नोटीस बोर्डावर खडूने लिहिलंय: 'आरती सायं. ७ वा. २९ मि. ४० सें.' खाली सेक्रेटरींची सही!

राग काकांचा नाही. निदान त्यांनी पाहिलं तरी. खजिनदार म्हणाले, "यूट्यूब फुकट असतं ना, मग सर्व्हरचं भाडं कसलं?" मंडपवाल्याला आगाऊ रक्कम, लाडू देणाऱ्याचा गेटवर फोटोसकट फलक, आणि माझं भाडं 'पुढच्या सभेत बघू'. आमच्या सभेला कोरम भरलेला मी तरी पाहिलेला नाही. वर निरोप आलाय: विसर्जनाची मिरवणूक चालत्या टेम्पोतून लाइव्ह करायची आहे, डोंगल तुझंच आण.