एसीचं इन्स्टॉलेशन आणि आमच्या पत्रपेट्या

"आमच्याकडे परवाच एसीचं इन्स्टॉलेशन झालं," असं दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं आणि खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीचा ग्रूप आठ दिवस यावरच पेटलाय. झालं एवढंच, की चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या नातीने जुनी इमारत पाडताना काही पत्रपेट्या वाचवून ठेवल्या होत्या. गणपतीत तिने त्या नव्या इमारतीच्या पार्किंगमध्ये जुन्या जिन्याच्या मापाने रचल्या आणि त्याला इन्स्टॉलेशन म्हटलं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी भंगारवाल्याला बोलावलं.

भंगारवाल्याचं एक वेळ समजू शकतो. ग्रूपवर आलेलं "याला कला म्हणायचं?" हे मात्र डोक्यात गेलं.

मी जर्मनीत कासेलला राहतो. १९८२ च्या डॉक्युमेंटात, म्हणजे इथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात, योझेफ बॉइस या कलावंताने फ्रीडरिखप्लाट्झ या चौकात बसाल्टचे ७००० दगड आणून टाकले. अट अशी, की शहरात एक झाड लागलं की ढिगातला एक दगड उचलून त्याच्याशेजारी रोवायचा. ढीग संपायला १९८७ साल उजाडलं; तोवर बॉइस गेला होता, शेवटचं झाड त्याच्या मुलाने लावलं. याला तो सामाजिक शिल्प म्हणायचा. घडवायचा तो दगड नव्हे, दगड हलवणारं गाव. त्यानेच ड्युसेलडॉर्फच्या कला अकादमीत कलाकृती म्हणून कोपऱ्यात थापलेलं लोणी १९८६ साली सफाईत खरवडून टाकलं गेलं आणि राज्य सरकारला ४०,००० मार्क भरपाई द्यावी लागली. हे ग्रूपवर मी खास सेक्रेटरींसाठी लिहिलं.

शब्दांचंही लिहिलं. २०२२ च्या डॉक्युमेंटाची सूत्रं जकार्ताच्या रुआंगरुपा या गटाकडे होती. त्यांनी सगळ्या प्रदर्शनाला आपल्या भाषेतला एकच शब्द दिला: लुम्बुंग, म्हणजे गावाचं सामाईक भाताचं कोठार. माझ्या बेकरीतली बाईसुद्धा तो बिनदिक्कत म्हणायला लागली. आणि आपण? मांडणशिल्प असा खणखणीत मराठी शब्द असताना इन्स्टॉलेशन म्हणायचं. मग एसी आठवणारच!

काय लिहिलं नाही, तेही सांगतो. त्याच वर्षी, त्याच चौकात लावलेलं एक भलंमोठं चित्र ज्यूद्वेषाच्या आरोपावरून काही दिवसांत आधी झाकलं आणि मग उतरवलं गेलं. ते सोयीस्कर विसरलो. आणि इथे आल्यावर पहिली दोन वर्षं घराखालच्या ओकशेजारचा दगड मला हद्दीचा वाटायचा. रोज सायकल त्यालाच टेकवायचो. पुढे ऑफिसातल्या एकाने हसत हसत सांगितलं. आता पाहुण्यांना तो दगड मीच दाखवतो, "आमच्या कासेलचा" म्हणून.

ग्रूपवर उत्तर एकच आलं: "साहेब, तिकडे बसून बोलायला काय जातंय?" खरं तर मी त्या ग्रूपात असायचंच कारण नाही. आई गेल्यावर आम्ही जागा विकली. मला काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि मी स्वतःहून निघालो नाही.

रात्री त्या मुलीला वेगळा मेसेज टाकला. फोटो मोठा करकरून पाहतोय, अकरा नंबरची पेटी दिसत नाही, वरच्या रांगेत होती का?

तिचं उत्तर सकाळी आलं. "नाही काका, जे अजून इथे राहतात त्यांच्याच घेतल्या होत्या."