गेमिंग पीसीचं वय नका मोजू, त्याचं तापमान मोजा

जळगाव-धुळ्याकडच्या गेमिंगच्या व्हॉट्सॅप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. थोडक्यात तो असा: तीन वर्षं झाली की गेमिंग पीसी संपला. एफपीएस (सेकंदाला तयार होणारी चित्रं) पडायला लागले म्हणजे ग्राफिक्स कार्ड गेलं. विंडोज १० बंद झाली, त्यामुळे जुना पीसी भंगारच. थांबाल तसा जुन्याचा भाव उतरेल, म्हणून आत्ताच विका आणि सगळं एकदम नवीन घ्या.

हा मेसेज दाखवून बारावीतली, डिप्लोमाची पोरं घरी हट्ट धरतात आणि कापसाच्या नाहीतर केळीच्या पैशातून पन्नास-साठ हजार बाजूला काढले जातात. पैसा कष्टाचा आहे, म्हणून या मेसेजमधलं एकेक वाक्य तपासायला हवं.

"तीन वर्षं झाली की पीसी संपला." प्रोसेसर किंवा ग्राफिक्सची चिप वापरून वापरून मंद होत नाही. २०१९ साली ती जेवढं काम करायची तेवढंच आजही करते. झिजतात ते पंखे, सुकते ती थर्मल पेस्ट (चिपची उष्णता पुढे नेणारी), थकतात ते पॉवर सप्लाय आणि हार्ड डिस्क. आणि बदलतात ते गेम. त्यामुळे विचारायचं ते एवढंच, की तुम्ही काय खेळता आणि कुठल्या स्क्रीनवर खेळता. ज्याच्याकडे १०८०पी (फुल एचडी), ६० हर्ट्झचा मॉनिटर आहे आणि जो व्हॅलोरंट किंवा २०१५ साली पीसीवर आलेला जीटीए ५ खेळतो, त्याला जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड आजही पुरतं. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा १४० झाला तरी पडद्यावर येणारी चित्रं तेवढीच राहतात.

"एफपीएस पडले म्हणजे कार्ड गेलं." याच वाक्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण आपल्याकडचा मे महिना यात हिशोबात धरलेलाच नाही.

प्रोसेसरवरचा हीटसिंक (धातूच्या पात्यांचा ठोकळा) आतली उष्णता खोलीतल्या हवेत सोडतो. हवा जितके अंश जास्त तापलेली, साधारण तितकेच अंश प्रोसेसरही जास्त तापतो. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असताना जो प्रोसेसर ७५ वर चालतो, तोच मे महिन्यात वरच्या मजल्यावर, स्लॅबखालच्या ४२ अंशांच्या खोलीत ९५ ला टेकतो. भुसावळ-जळगावात बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा ४२ ची खोली ही काही फार वाढवून सांगितलेली गोष्ट नाही. इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंशांजवळ, एएमडीचे ९०-९५ च्या आसपास स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. एनव्हिडियाची जीटीएक्स १० मालिकेतली कार्डं तर ८३ च्या आसपासच वेग आवरायला लागतात. गेम अडकतो तो इथे.

त्यात धूळ. आणि आपल्याकडे ती नुसती धूळ नसते. जामनेरला एका ओळखीच्या पोराचा पीसी मी उघडला होता: आय५-९४००एफ प्रोसेसर आणि जीटीएक्स १६६० सुपर कार्ड. "कार्डच गेलं भो, नवं घ्यायचंय," असं त्याचं ठरलेलं. घर जिनिंगपासून जवळ. कॅबिनेटची बाजू काढली तर पंख्याखालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या दिसतच नव्हत्या. रुईचे तंतू आणि माती मिळून जुन्या गोधडीतल्या कापसासारखा थर बसला होता. कड नखात धरून ओढली तर अख्खा थर एका तुकड्यात निघाला. खोलीतल्या कूलरचा ओला वारा थेट कॅबिनेटवर यायचा, त्यामुळे तो आणखी घट्ट झाला होता. ब्लोअर मारला (पंखा बोटाने धरून ठेवायचा, नाहीतर हवेच्या जोराने तो भलताच वेगात फिरतो आणि बेअरिंग खराब होतं), मऊ ब्रश फिरवला, पेस्ट नवी लावली. त्याच गेममध्ये प्रोसेसर १०० वरून ८० च्या खाली आला आणि ३.९ गिगाहर्ट्झवर टिकून राहिला. कार्डाला हातही लावावा लागला नाही.

म्हणून माझा आग्रह आहे: एकच गेम, त्यातली एकच जागा, त्याच सेटिंगवर एकदा पहाटे सहाला खेळून बघा आणि एकदा दुपारी तीनला. एमएसआय आफ्टरबर्नर फुकट मिळतं, त्यात तापमान, वेग आणि वापराची टक्केवारी स्क्रीनवर दिसते. पहाटे नीट आणि दुपारी अडखळत असेल तर गोष्ट उष्णतेची आहे. दोन्ही वेळा सारखंच अडखळत असेल तर कार्डाचा वापर बघा. तो सतत ९७-९९ टक्के असेल तर कार्ड खरंच कमी पडतंय. ६०-७० टक्क्यांवरच रेंगाळत असेल आणि रिझोल्यूशन ७२०पी केल्यावरही एफपीएस हलत नसतील, तर अडचण प्रोसेसरची किंवा रॅमची आहे, आणि नवं कार्ड घेऊन काही होणार नाही. ८ जीबीची एकच रॅम लावलेले पीसी आपल्याकडे खूप आहेत. तशीच दुसरी बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत लावली की रॅम दोन चॅनेलवर चालते आणि बऱ्याच गेममधले झटके तिथेच कमी होतात.

पीसी गेमच्या मधेच रीस्टार्ट होतो, त्याचंही खापर कार्डावर फुटतं. गावाकडे शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज कसं खाली बसतं ते सगळ्यांनी पाहिलंय. त्यात कॅबिनेटसोबत आलेला स्वस्तातला पॉवर सप्लाय असेल तर गेमच्या भरात तो तेवढा झटका पेलत नाही. अशा पॉवर सप्लायवर आधीपेक्षा जास्त वीज खाणारं कार्ड चढवणं मला धोक्याचं वाटतं. आधी चांगला पॉवर सप्लाय घ्या. तो पुढच्या पीसीतही चालतो.

"विंडोज १० बंद, म्हणजे पीसी भंगार." विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे खरं. पण त्या दिवशी पीसी बंद पडले नाहीत, आणि घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षेच्या अपडेटची वाढीव मुदत मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली. शिवाय इंटेलची आठवी पिढी आणि रायझन २००० मालिका, म्हणजे साधारण २०१८ पासूनचे बहुतेक पीसी विंडोज ११ ला पात्र आहेत. "तुमचा पीसी चालणार नाही" असं दिसतं ते अनेकदा टीपीएम (सुरक्षेची एक सोय) बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असल्यामुळे. इंटेलच्या मदरबोर्डवर ते पीटीटी नावाने असतं, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम. चालू करायला पैसे लागत नाहीत.

आता या मेसेजचं बरोबर कुठे आहे तेही सांगायला हवं. काही गेम जुन्या कार्डावर खरंच चालत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि मे २०२५ मधला 'डूम: द डार्क एजेस' यांना रे ट्रेसिंगची (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याची) सोय असलेलं कार्ड लागतंच, जीटीएक्स कार्डात ती नाही. जीटीएक्स ९०० आणि १० मालिकेला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवलं, आता फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतील. १०५० टीआय किंवा १०६० वर नवे मोठे गेम खेळायचे असतील तर कार्ड बदलायची वेळ आलीच आहे. पण तिथेही बोर्ड बघून घ्या. आरएक्स ६५०० एक्सटी फक्त चार पीसीआय लेनवर (कार्ड आणि बोर्डामधल्या डेटाच्या वाटांवर) चालतं. पीसीआय ३ च्या जुन्या बोर्डवर त्याचा वेग चांगलाच मार खातो. दुकानात किंमत सांगतील, हे बहुधा सांगणार नाहीत.

"थांबाल तसा भाव उतरेल." जुन्याचा उतरतोच. पण थांबल्यावर त्याच पैशात सहसा जास्त ताकदीचं कार्डही मिळतं, त्यामुळे नुसत्या या भीतीपोटी विकण्यात अर्थ नाही.

राहिलं "सगळं एकदम बदला". एएम४ (एएमडी रायझनच्या आधीच्या सॉकेटच्या) बोर्डवाल्यांसाठी हा सरळ नुकसानीचा सल्ला आहे. रायझन ५ ५६०० आणि रायझन ७ ५८००एक्स३डी हे दोन्ही २०२२ साली आले आणि बायोस अपडेट करून बहुतेक बी४५० बोर्डांवर बसतात. बोर्ड तोच, रॅम तीच, कूलर पुरेसा असेल तर तोही तोच. इंटेलच्या आठव्या-नवव्या पिढीच्या बोर्डावर मात्र पुढचा रस्ता बंद आहे. तिथे प्रोसेसर खरोखर कमी पडत असेल तर बोर्डासकट बदलावं लागतं, आणि नवा बोर्ड डीडीआर५ (नव्या पिढीच्या रॅम) चा निघाला तर रॅमही. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव भडकले. डिसेंबरमध्ये रॅम बनवणाऱ्या मायक्रॉनने तर क्रूशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्याच्या पीसीत आज १६ जीबी डीडीआर४ धडधाकट चालतेय, त्याने ती जुन्या पीसीसोबत मातीमोल भावात देऊन टाकू नये.