विषय क्रमांक बारा

रविवारी सकाळी उठून पाहतो तर शाळेतल्या माझ्या बाकावरच्या मित्राने एका कागदाचा फोटो पाठवलेला. त्यांच्या पेठेत शताब्दी समिती स्थापन झाली आहे आणि हा तिचा सहचिटणीस. पहिल्या बैठकीची विषयपत्रिका होती ती. एकूण बारा विषय. स्वागत कमानी, लेझर शो, प्रभातफेरी, हुतात्म्यांच्या वेशातली शाळकरी मुलं, स्मरणिका, स्मरणिकेतल्या फोटोंचा क्रम (हा वेगळा विषय, क्रमांक सात), नवा पुतळा आणि पुतळ्याची उंची (हाही वेगळा). फोटोखाली माझ्यासाठी एक ओळ : ‘पौंडात किती देतोस बे?’

शताब्दी कशाची, ते सोलापूरबाहेरच्यांसाठी सांगतो. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचं आमचं गाव पेटलं. ८ मेला लोक रूपाभवानीच्या देवळाच्या बाजूला, ताडीला विरोध म्हणून, शिंदीची झाडं तोडायला गेले. धरपकड झाली, दगड उडाले, गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण त्यात गेला. मग जमावाने मंगळवार पेठेतल्या पोलीस चौकीवर हल्ला केला, पोलीस मारले, कोर्टाला आग लावली. काही दिवस गावात सरकार म्हणून काही उरलंच नाही. १२ मेला लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो जूनअखेरपर्यंत चालला. डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी पकडत. पोलिसांच्या खुनाचा खटला चालला आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. हे चौघं ठरवून एकत्र आले नव्हते, सोलापूरच तसं आहे.

आता पहिला वाद तारखेचा. मे २०३० की जानेवारी २०३१? मेमध्ये सोलापूरच्या उन्हात मंडपाखाली माणूस बसवून दाखवावा! जानेवारी धरली तर १२ तारखेच्या दुसऱ्याच दिवशी ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचे नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, चौदाला अक्षता सोहळा, पुढे गड्डा म्हणजे यात्रेची जत्रा. सगळा बंदोबस्त आणि सगळे कार्यकर्ते तिकडे. समितीत म्हणे यावर दीड तास गेला. मला हा वाद मुळीच फालतू वाटत नाही. उद्रेकाची आठवण करायची की फाशीची, हा खरा प्रश्न त्याच्या आत दडलेला आहे, फक्त तो उकाड्याच्या आणि बंदोबस्ताच्या भाषेत बोलला जातोय.

मी राहतो ओल्डहॅमला, मँचेस्टरच्या शेजारी. हाही गिरण्यांचाच पट्टा. भोंगे थांबलेले, गिरण्यांच्या इमारतींत कुठे गोदाम, कुठे फ्लॅट. पहिल्यांदा इथे आलो तेव्हा लाल विटांच्या त्या भिंती बघून जुन्या मिलच्या कंपाउंडची आठवण झाली होती आणि जरा बरं वाटलं होतं. याच लँकेशायरचं कापड आमच्या आजोबांच्या पिढीने होळीत टाकलं. आणि चौघांच्या फाशीला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, सप्टेंबर १९३१ मध्ये, गांधीजी इथल्या डार्वेन गावात गिरणी कामगारांना भेटायला आले होते. पण ते राहू दे.

मँचेस्टरचीही एक ‘८ मे’ आहे. १६ ऑगस्ट १८१९. मतदानाचा हक्क मागायला सेंट पीटर्स फील्ड या मैदानावर साठेक हजार माणसं जमली. त्यांत आसपासच्या गावांतून चालत आलेले विणकर बरेच. घोडेस्वार तलवारी घेऊन त्यांच्यात घुसले. अठरा माणसं गेली, सहाशेवर जखमी झाली. वॉटर्लूची लढाई ताजी होती, म्हणून लोकांनी उपहासाने या दिवसाला पीटर्लू म्हटलं. मेलेल्यांतला जॉन लीस आमच्या ओल्डहॅमचा, वॉटर्लूवर लढून जिवंत परत आलेला. विल्यम फिल्डिस तर दोन वर्षांचं मूल.

परदेशातून लिहिणाऱ्याने आता ‘बघा, इकडे कसं सगळं शिस्तीत’ असं म्हणायचं असतं. कसली शिस्त! त्या जागेवर कित्येक वर्षं एक निळी पाटी होती. तिच्यावर सैन्याने सभा ‘पांगवली’ एवढाच उल्लेख, माणसं मेल्याचं अक्षर नाही. लोक मागे लागले तेव्हा २००७ मध्ये तिच्या जागी खरं सांगणारी लाल पाटी आली. म्हणजे एक वाक्य दुरुस्त करायला १८८ वर्षं. मग २०१९ ला द्विशताब्दीसाठी स्मारक बांधलं. गोल दगडी पायऱ्या एकावर एक, कल्पना अशी की कुणीही वर चढावं आणि बोलावं. कुणीही, फक्त व्हीलचेअरवरचा नाही! समतेसाठी मेलेल्यांच्या स्मारकावर अपंगांना चढता येईना, त्यावरून मोठा गदारोळ झाला. समित्या सगळीकडच्या सारख्याच. इथल्या आमच्या मराठी मंडळाची स्मरणिकाही अध्यक्षांच्या फोटोच्या आकारावरून तीन महिने अडकली होती. सातासमुद्रापार येऊन विषय क्रमांक सात आम्ही सोडलेला नाही.

तरी एका गोष्टीत मँचेस्टर माझ्या गावाच्या पुढे आहे आणि ती गोष्ट म्हणजे एक वही. गोळा झालेल्या मदतीचं वाटप करायला त्या वेळी एक समिती बसली होती. कोण, कुठला, कुठे जखम, किती पैसे दिले, असा हिशेब तिने लिहून ठेवला. मदतनिधीची ती वही आज मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहे. ‘डोक्याला तलवारीचा वार, अमुक शिलिंग’ या थाटाच्या नोंदी. हुतात्मा हा शब्द नाही, कविता नाही. पण असे कागद राहिले म्हणून दोनशे वर्षांनी त्या माणसांची नावं दगडात कोरता आली.

आमच्याकडे चार नावं पाठ आहेत. पाचवं, शिवदारेंचं, थोड्यांना. सहावं विचारा.

माझे आजोबा त्या वर्षी गिरणीत बदली कामगार होते. लष्करी कायदा आला तेव्हा त्यांनी पांढरी टोपी ज्वारीच्या कणगीत खोल खुपसली आणि नंतर ती काढायला विसरले, हा आमच्या घरचा आवडता किस्सा. आजी तो सांगताना हसायची आणि हसून झालं की हमखास म्हणायची, ‘आपल्या वाड्यातला पद्मसाळ्यांचा पोरगा त्या दिवशी आलाच नाही परत.’ पद्मसाळी म्हणजे तेलुगू विणकर. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. नाव काय त्याचं, हे मी कधी विचारलं नाही. आता आजी नाही, वाडाही नाही, तिथे तीन मजली इमारत आहे. तो मुलगा गोळीने गेला, पकडला गेला की घाबरून नातेवाइकांकडे हैदराबादेत जाऊन राहिला, काहीच सांगता येत नाही. एका यादीत असता तर कळलं असतं.

म्हणून मित्राला मी लांबलचक निरोप पाठवला. चौघांचे पुतळे चौकात आहेतच, त्यांच्या नावाने स्मृती मंदिर आहे. नवा पुतळा कशाला? काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात कमानींवर खर्च करताना हात कसा उचलतो, हेही लिहिलं होतं. मग खोडलं. तिकडे बादल्या मित्राची बायको भरते, माझ्या नळाला चोवीस तास पाणी. ते वाक्य मी लिहायचं नाही. त्याऐवजी एवढंच लिहिलं की आधी यादी करा. गोळीबारात गेलेले, जखमी झालेले, लष्करी कायद्याखाली शिक्षा भोगलेले. सरकारी कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात शोधा. पेठांतून फिरा, जुन्या पेट्या उघडायला सांगा, मराठीत विचारा, कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही विचारा, कारण ज्या घरांत ही आठवण आहे तिथे ती त्याच भाषेत आहे. आणि चौकीतले पोलीस मेले, त्यांचीही नावं त्यात घाला.

या शेवटच्या वाक्यावर लगेच फोन आला. ‘पोलिसांची? मला चौकात मार खायला लावतोस का?’

त्याचं चुकत नाही. तिथे उभं राहून हे बोलायची हिंमत मलाही झाली नसती, ओल्डहॅमच्या स्वयंपाकघरातून होते. तरी म्हणतो, पीटर्लूच्या मृतांच्या यादीत जॉन अ‍ॅशवर्थ आहे. तो सरकारच्या बाजूचा स्पेशल कॉन्स्टेबल, आपल्याच घोडेस्वारांच्या टापांखाली गेला. त्याचं नाव घातल्याने विणकरांची बाजू तसूभर कमी झाली नाही. आमच्या चौकीतले पोलीसही पगारापायी खाकी घातलेली माणसं, त्यांच्याही घरी भाकरीच थापली जात असणार. शिवाय चौघांना फाशी ज्या गुन्ह्यासाठी झाली, तो गुन्हा काय होता हेच सांगायचं नसेल, तर तो खटला आणि ती शिक्षा किती अन्यायाची होती ते शाळेतल्या मुलांना समजावणार कसं? वेश करून उभं केलेलं पोर विचारेलच की, मला फाशी कशासाठी?

मित्र जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘तुझं बरोबर आहे, पण यादीचं उद्घाटन कोण करणार? पुतळ्याला हार घालता येतो. यादीला कुठे घालायचा?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, कमानीला एक पेनी देणार नाही. दोन मुलं पगारावर ठेवा, पेठांतून फिरून लिहून आणतील, कागद स्कॅन करतील. त्यांचा दोन वर्षांचा खर्च मी देतो. हिशेब मात्र वहीत लिहा आणि ती वही फेकू नका.

काल रात्री सुधारित विषयपत्रिकेचा फोटो आला. कमानी आहेत, पुतळा आहे, उंची आहे. यादी अकरा विषयांत कुठेच नाही. बारावा विषय मात्र पहिल्यापासून होता तसाच छापलाय : ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. त्याच्यासमोर मित्राने पेनाने बारीक अक्षरात लिहिलंय, ‘यादी’. आणि खाली, ‘अध्यक्ष अण्णांशी बोललोय. ते विचारतायत, तुझ्या आजोबांची ती टोपी अजून आहे का.’