‘नागड्यांच्या सायकल फेरी’विषयी फिरणाऱ्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

गेले काही दिवस रत्नागिरी, चिपळूण आणि दापोली परिसरात मोबाइलवरून एक लांबलचक संदेश फिरत आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: परदेशांत दरवर्षी ‘नागड्यांची सायकल फेरी’ निघते, तीत भाग घेणाऱ्या प्रत्येकाला कपडे उतरवावेच लागतात, हा निव्वळ अंगप्रदर्शनाचा सोहळा असून सायकलीशी त्याचा काही संबंध नाही, तिथल्या पोलिसांनी कायदा गुंडाळून ठेवला आहे, असला प्रकार भारतीय मातीत कधीच नव्हता, आणि रत्नागिरीत सायकलस्वारांच्या सुरक्षिततेसाठी जी फेरी आखली जात आहे ती म्हणजे हेच लोण कोकणात आणण्याची पहिली पायरी आहे, म्हणून तिला परवानगी मिळू देऊ नका. सोबत लंडनमधील फेरीची म्हणून काही छायाचित्रे जोडलेली आहेत. रत्नागिरीची फेरी आखणाऱ्यांपैकी मी एक आहे, आणि नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असताना लंडनच्या त्या फेरीत मी सायकल चालवली आहे. म्हणून या संदेशाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

कपडे उतरवण्याच्या सक्तीचा दावा साफ खोटा आहे. ‘वर्ल्ड नेकेड बाइक राइड’ या नावाने ही फेरी २००४ मध्ये प्रथम निघाली, तेव्हा दहा देशांतील अठ्ठावीस शहरांनी तीत भाग घेतला होता. कॅनडातील व्हँकुव्हरचे कार्यकर्ते कॉनरॅड श्मिट यांनी तिची हाक दिली होती. स्पेनमधील सारागोसा शहरात अशा फेऱ्या त्याआधीच, २००१ पासून, निघू लागल्या होत्या आणि तिथले लोकही या उपक्रमात सामील झाले. ‘बेअर ॲज यू डेअर’ हे या फेरीचे ब्रीदवाक्य आहे. ज्याने त्याने आपल्याला झेपेल तेवढेच उघडे राहावे, एवढाच त्याचा अर्थ. मी स्वतः गुडघ्यापर्यंतची विजार आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून सहभागी झाले होते. माझ्या पुढे एक वयस्क जोडपे पोहण्याच्या पोशाखात होते, शेजारी अंगभर हिरवा रंग फासलेला एक तरुण होता, आणि काही जणांच्या अंगावर हेल्मेट व बूट यांखेरीज काहीही नव्हते. ‘तुम्ही कपडे का घातले आहेत?’ असे मला कोणीही विचारले नाही.

फेरीचा सायकलीशी संबंध नाही, हे विधान सर्वांत जास्त पसरले आहे आणि मला सर्वांत जास्त लागले आहे तेही हेच. खनिज तेलावर चालणाऱ्या वाहतुकीला विरोध आणि मोटारींच्या गर्दीत सायकलस्वाराच्या जिवाची किंमत, हे या फेरीचे सुरुवातीपासूनचे मुद्दे आहेत. आपल्या शरीराची लाज वाटू नये, हा आणखी एक हेतू आयोजक उघडपणे सांगतात आणि तो इथे लपवण्याचे मलाही कारण नाही. परंतु मूळ युक्तिवाद रस्त्याचाच आहे. मोटारीत बसलेल्या माणसाभोवती पत्रा असतो, पट्टा असतो, एअरबॅग असते. सायकलस्वाराभोवती यांपैकी काहीच नसते, आणि धडक बसली की अंगावरच्या सुती सदऱ्याने त्याचे काडीचेही रक्षण होत नाही. हे असुरक्षितपण एरवी मोटारचालकाच्या नजरेत भरत नाही, म्हणून ते उघड्या शरीराने दाखवायचे, असा या फेरीचा विचार आहे. अनेकांच्या पाठीवर रंगाने लिहिलेले असते, ‘आता तरी दिसतो का मी?’ अपघातानंतर ‘तो मला दिसलाच नाही’ असे जे वाक्य चालकाकडून हमखास ऐकू येते, त्याला दिलेले ते उत्तर आहे.

अशा फेरीची तयारी जवळून पाहिली, तर तिथे चाललेले बहुतेक काम सायकलीचेच असते हे लक्षात येते. मार्ग मुद्दाम वर्दळीच्या रस्त्यांवरून आखला जातो, कारण निरोप मोटारचालकांसाठी असतो. वेग सर्वांत सावकाश चालवणाऱ्याच्या बेताने ठेवला जातो. प्रत्येक चौकात दोन-तीन स्वयंसेवक आडव्या रस्त्याच्या तोंडाशी सायकली लावून उभे राहतात आणि शेवटचा सायकलस्वार पुढे जाईपर्यंत हलत नाहीत. घोळका मध्येच तुटला तर मागे राहिलेले लोक गाड्यांच्या गर्दीत सापडतात. निघण्यापूर्वी ब्रेक आणि हवा तपासली जाते, पंक्चर काढण्याचे सामान घेऊन एक जण सर्वांत मागे राहतो, आणि दारू पिऊन येऊ नये असे आधीच बजावलेले असते. कपड्यांबाबतच्या सूचना तर अगदी साध्या असतात: सीटवर टाकायला स्वतःचे फडके आणावे, उन्हापासून बचावासाठी अंगाला मलम लावावे, आणि काढलेले कपडे सोबतच्या पिशवीत ठेवावेत, म्हणजे ज्या क्षणी संकोच वाटेल त्या क्षणी ते पुन्हा घालता येतील. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात या फेरीला सुमारे दहा हजार लोक जमल्याच्या नोंदी आहेत; तिथे बघ्यांची गर्दी टाळण्यासाठी जमण्याचे ठिकाण अगदी शेवटी जाहीर करतात. त्याच शहरात १२ ऑक्टोबर २०२५ रोजी, नॅशनल गार्ड या राखीव लष्करी दलाचे सैनिक शहरात धाडण्याच्या निर्णयाचा निषेध म्हणून अशीच एक तातडीची फेरी भर पावसात निघाली, आणि थंडीमुळे तीत अनेकांनी कपडे घातलेले होते. अंगप्रदर्शन हाच हेतू असता, तर त्या दिवशी फेरी काढण्याचे कारणच उरले नसते.

पोलिसांनी कायदा गुंडाळून ठेवल्याच्या आरोपात तथ्य नाही. तिथला कायदाच निराळा आहे. इंग्लंडमध्ये केवळ विवस्त्र असणे हा गुन्हा नाही. २००३ च्या लैंगिक गुन्हेविषयक कायद्याच्या ६६ व्या कलमानुसार, कोणाला तरी भय किंवा मनस्ताप व्हावा या उद्देशाने गुप्तांग दाखवणे हा गुन्हा ठरतो. मोर्चा काढायचा तर १९८६ च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याप्रमाणे सर्वसाधारणपणे सहा दिवस आधी पोलिसांना लेखी सूचना द्यावी लागते. लंडनमध्ये आमच्या पुढे-मागे पोलीस होते आणि ते वाहतूक सांभाळत होते. पोर्टलंडमध्ये एका विवस्त्र सायकलस्वारावर खटला भरला गेला, तेव्हा २००८ मध्ये न्यायाधीशांनी त्याला निर्दोष ठरवताना ही त्या शहरात रुजलेली, प्रतीकात्मक निषेधाची प्रथा असल्याचे म्हटले. उलट सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळाने २०१२ मध्ये सार्वजनिक नग्नतेवर बंदी घातली, मात्र परवानगी घेतलेल्या मिरवणुकांना सवलत ठेवली. प्रत्येक ठिकाणी वाद झाले, ते न्यायालयात किंवा सभागृहात मांडले गेले आणि त्यांचा निर्णय झाला. याला कायदा धाब्यावर बसवणे म्हणता येत नाही.

‘भारतीय मातीत असे कधीच नव्हते’ या वाक्याबाबत मात्र सावकाश बोलले पाहिजे, कारण इथे दुखऱ्या गोष्टींचा उल्लेख करावा लागतो. १५ जुलै २००४ रोजी इंफाळच्या कांगला किल्ल्यासमोर मणिपूरमधील बारा स्त्रियांनी, एका तरुणीवरील अत्याचाराच्या आणि तिच्या हत्येच्या विरोधात, विवस्त्र होऊन निदर्शने केली. त्या कोणाच्याही आया-आज्या शोभतील अशा बायका होत्या. एप्रिल २०१७ मध्ये तमिळनाडूच्या दुष्काळग्रस्त शेतकऱ्यांपैकी काहींनी दिल्लीत अंगावरचे कपडे उतरवले. त्याही आधी, २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत गांधीजींनी पूर्ण पोशाखाचा त्याग करून पंचा स्वीकारला, आणि त्या उघड्या देहाचा राजकीय अर्थ सगळ्या देशाला कळला. या घटनांची सायकल फेरीशी बरोबरी करणे मला मान्य नाही. इंफाळच्या स्त्रियांचे दुःख आणि लंडनच्या रस्त्यावरची ती दुपार यांत फार मोठे अंतर आहे. पण उघड्या शरीराने निषेध नोंदवणे आपल्याला ठाऊकच नव्हते, असे म्हणणे म्हणजे त्या स्त्रियांना विसरणे होय. आणि कोकणाचीच साक्ष हवी असेल, तर दापोलीजवळच्या मुरुडच्या कर्वे घराण्यातील रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, नग्नतेचा विषय त्यात मोकळेपणाने मांडला, आणि अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ मधील खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. कर्व्यांचे म्हणणे कोणाला पटो वा न पटो, हा वाद आपल्याकडे मराठीत शंभर वर्षांपूर्वीच सुरू झाला होता.

आता रत्नागिरीच्या फेरीकडे येते. ही फेरी विवस्त्र नाही, तशी ती कधी ठरलेलीही नव्हती. भारतीय न्याय संहितेच्या २९६ व्या कलमाखाली सार्वजनिक ठिकाणी इतरांना उपद्रव होईल असे अश्लील कृत्य करणे हा गुन्हा आहे, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे ११० वे कलमही रस्त्यावरील असभ्य वर्तनाला लागू होते. २०२० मध्ये दक्षिण गोव्यातील समुद्रकिनाऱ्यावर विवस्त्र धावल्याच्या छायाचित्रावरून एका प्रसिद्ध मॉडेलवर गुन्हा नोंदवला गेला होता. न्यायालयांनी नग्नता आणि अश्लीलता या एकच नव्हेत असे सांगितले आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये. तरीही प्रत्येक प्रकरण त्याच्या संदर्भावर ठरते. मी मात्र केवळ कायद्याच्या भीतीने हे बोलत नाही. इथल्या रस्त्यावर एखाद्या स्त्रीने तसे केले, तर तिच्या पाठीवरची घोषणा कोणी वाचणार नाही आणि तिचे नाव मात्र गावोगाव होईल, असे माझे स्पष्ट मत आहे. निरोप पोचला नाही तर त्या कृतीला अर्थ राहत नाही. म्हणून आम्ही चमकणारी जाकिटे, हेल्मेट आणि पाठीवर लावायचे फलक ठरवले आहेत.

संदेशासोबतच्या छायाचित्रांविषयी मला कडकपणे बोलावेसे वाटते. त्यांतील स्त्रियांचे चेहरे स्पष्ट दिसतात. ‘संमतीशिवाय छायाचित्र काढू नये’ अशी विनंती या फेऱ्यांचे आयोजक वारंवार करतात. ती न जुमानता काढलेली चित्रे असोत वा संमतीने काढलेली, ती रत्नागिरीतल्या शाळकरी मुलांच्या मोबाइलपर्यंत पोचवण्याची परवानगी त्या स्त्रियांनी दिलेली नाही. शिवाय अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ही चित्रे अश्लील आहेत असे ज्यांचे प्रामाणिक मत आहे, त्यांनी ती पुढे पाठवता कामा नयेत.

राहिला परवानगीचा प्रश्न. शांततेने व शस्त्राविना एकत्र जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने दिला आहे, आणि आमच्या अर्जात मार्ग, वेळ, स्वयंसेवकांची नावे आणि मागण्या स्पष्ट लिहिलेल्या आहेत. कुवारबावहून निघून मारुती मंदिरमार्गे जयस्तंभापर्यंत, सकाळी लवकर, डाव्या कडेने, असा तो मार्ग आहे. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून रेंगाळले आहे. जिथे ते पूर्ण झाले तिथे वाहनांचा वेग वाढला आणि सायकलीसाठी कडेला जागा उरली नाही. पहाटे गावोगाव फिरणारा पाववाला, सायकलवरून शाळेत जाणाऱ्या मुली, कामाच्या ठिकाणी निघालेले गवंडी यांना तोच रस्ता वापरावा लागतो. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली, त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती, असे केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. आमच्या मागण्या तीन आहेत: हातखंबा येथील उतारावर अवजड वाहनांच्या वेगाला खरा लगाम घालावा, शहरात शिरणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडांना सायकलीपुरता सपाट, खड्डे नसलेला पट्टा राखावा, आणि शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी डंपरची वाहतूक बंद ठेवावी. संदेश लिहिणाऱ्यांचा यांपैकी कोणत्या मागणीला विरोध आहे, ते त्यांनी नावानिशी लिहावे. त्याला मी त्याच ठिकाणी उत्तर देईन.