गड मातीचा, शिबंदी उसनी

किल्ला म्हटलं की आपल्याला कातळ आठवतो, बुरूज आठवतो. वॉशिंग्टनचा फोर्ट स्टीव्हन्स पाहायला निघालो आणि त्याच्यासमोरून गाडी तशीच पुढे नेली. चर्चशेजारी गवताचा उंचवटा, वर दोन-चार तोफा. मुलगी म्हणाली, "बाबा, किल्ला कुठाय?"

हाच तो. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ साली, बुल रनच्या लढाईत दक्षिणेच्या बंडखोरांकडून मार खाल्ल्यावर उत्तरेच्या सरकारने राजधानीभोवती घाईघाईने मातीचे कोट उठवले. खंदकातली माती आत टाकायची, ती ढासळू नये म्हणून ओंडके लावायचे आणि पुढे तोडलेली झाडं, फांद्या शत्रूकडे करून. माती तोफगोळा गिळते, दगडासारख्या कपच्या उडत नाहीत. युद्ध संपेपर्यंत असे ६८ किल्ले झाले. हा कोट वाढवताना एलिझाबेथ थॉमस या स्वतंत्र कृष्णवर्णीय बाईचं घर सैनिकांनी पाडलं. राजधानी वाचवायला पहिली आहुती तिच्या छपराची.

पण गड बांधला म्हणून राखला जात नाही. १८६४ मध्ये इथली शिबंदी उत्तरेचा सरसेनापती ग्रँटने व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गकडे ओढून नेली आणि ११ जुलैला कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेचा, जनरल जुबल अर्ली दारात! तटावर कोण? दवाखान्यातून उठवलेले शिपाई, कचेरीतले कारकून, शंभर दिवसांच्या बोलीवर आलेली पोरं. अर्लीची माणसंही उन्हात चालून मोडली होती. समोरचा तट बघून तो थबकला. तेवढ्यात बोटींतून ग्रँटने परत धाडलेले सहाव्या कोअरचे जवान धक्क्यावर उतरू लागले.

दुसऱ्या दिवशी लिंकन तटावर चढले. सहा फूट चार इंचांचा माणूस! शेजारी उभे असलेले सर्जन क्रॉफर्ड गोळी लागून पडले. सगळे हाच किस्सा सांगतात, दगडही त्याचाच बसवलाय. माझं मत विचाराल तर श्रेय उत्तरेचा जनरल ल्यू वॉलेसचं. ९ जुलैला मोनोकसी नदीच्या काठी तो हरला, पण अर्लीचा एक दिवस खाऊन हरला. तो दिवस नसता तर हा तट कारकुनांच्याच भरवशावर होता.

ओंडक्यावर टकटक करून पाहिलं. काँक्रीट निघालं! १९३० च्या दशकातली डागडुजी.

जॉर्जिया अव्हेन्यूने थोडं उत्तरेला गेलं की एकरभराचं लष्करी कब्रस्तान लागतं. चाळीसेक थडगी, बहुतेक त्याच दोन दिवसांतली. आम्ही गेलो तेव्हा गवत कापणारा एकटाच होता.