बूट घालेपर्यंत

व्यायाम अजिबात अवघड नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. एकदा माणूस घराबाहेर पडला की पाय आपसूक चालतात, त्यांना दुसरं येतं काय? अवघड असतो तो गजर वाजल्यापासून बुटाची नाडी बांधेपर्यंतचा अर्धा तास. तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात एक निष्णात वकील जागा होतो. ऑफिसात पगारवाढ मागायची असली की हाच इसम ढिम्म हलत नाही, पण पहाटे साडेपाचला त्याची वाणी काय सुटते! "काल झोपायला उशीर झालाय. अपुऱ्या झोपेनं वजन वाढतं म्हणे." "गुडघा जरा कुरकुरतोय, नाही का?" आणि हुकमी पान: "आज गुरुवार. मधूनच कसली सुरुवात? सोमवार बघू."

सोमवारी काय होतं ते सगळ्या आरंभशूरांना ठाऊक आहे. नव्याचे नऊ दिवससुद्धा पुरे होत नाहीत. पहिल्या दिवशी अंगात नको तेवढा उत्साह असतो, म्हणून त्याच दिवशी सगळ्या उठाबशा काढून घेतल्या जातात. स्नायूंचं दुखणं मोठं धोरणी. लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी ऐन भरात येतं. मग जिना उतरताना कठड्याला धरून आपण जी तोंडं करतो, ती बघून शेजारी आपल्या तब्येतीची चौकशी करतात.

"एकवीस दिवस नेटानं कर, सवय लागते," असं भेटेल तो सांगतो. हे खूळ निघालं कुठून? मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जननं १९६० साली लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर आपला बदललेला चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. पुढे लोकांनी 'किमान' गाळलं आणि चेहराही गाळला. अहो, नव्या नाकाची सवय व्हायला करावं काय लागतं? ते आपलं आपण तोंडावर बसून असतं. पहाटे उठवून टेकडीवर नेत नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र ९६ जणांना प्रत्येकी एकच नवी गोष्ट रोज करायला लावून खरंच मोजदाद केली. २००९ साली ती प्रसिद्ध झाली. गोष्ट अंगात मुरायला साधारण ६६ दिवस लागतात, पण माणसागणिक हा आकडा १८पासून २५४पर्यंत कुठेही असू शकतो, असं त्यांना आढळलं. यातल्या कुठल्या टोकाला मी बसतो, हे घरात कुणालाही विचारा. त्याच अभ्यासात असंही निघालं की मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. आमच्या वकिलानं अख्ख्या अभ्यासातलं हे एकच वाक्य तोंडपाठ केलंय.

ट्रेडमिलही आणून झाली. मग कुठेतरी वाचलं की विल्यम क्युबिट या इंग्रज इंजिनिअरनं १८१८च्या सुमारास तुरुंगातल्या कैद्यांसाठी पायचक्की काढली होती आणि रिकामटेकड्या कैद्यांना ती तासन्‌तास तुडवायला लावत. पुढे सरकारलाच ती शिक्षा क्रूर वाटली आणि बंद झाली. आम्ही तीच पदरचे पैसे मोजून, वर वॉरंटी मागून घरी आणली.

अखेर मार्ग निघाला तो दात घासण्यातून. ब्रश ठेवला की थेट मोजे, मध्ये मोबाइल नाही, विचार नाही. आणि करार फक्त दहा मिनिटांचा. दहा मिनिटांवर हरकत घ्यायची तर वकिलालाही लाज वाटते. तरी एक मोजा चढवून पलंगाच्या कडेला शून्यात बघत बसायची जुनी खोड आहेच. परवा बायको कूस बदलता बदलता म्हणाली, "अहो, दुसऱ्या पायाला घरीच ठेवून जाणार आहात का?" गेलो. दहाची पंचवीस मिनिटं कधी झाली कळलं नाही.

वजनाचा काटा मात्र बेभरवशाचा. सुरुवातीला झरझर खाली गेला तेव्हा मी हुरळलो, पण त्यात बरंचसं पाणीच होतं. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी दडलेल्या असतात आणि अर्धा तास झपझप चालून माझ्यासारख्याच्या दीडशेच्या आसपास खर्च होतात. म्हणजे किलोमागे पन्नासेक फेऱ्या, त्याही ताटात घासभरही जास्त न वाढून घेता. चालून आल्यावर भूक कशी लागते, हे हिशेब मांडणाऱ्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

तरी परवा कमरेचा पट्टा एक भोक आत गेला. मी तो तसाच कमरेला ठेवून स्वयंपाकघरात गेलो, उगाच इकडून तिकडे दोन फेऱ्या मारल्या आणि शेवटी न राहवून सांगून टाकलं. तिनं चष्मा लावून नीट पाहिलं.

"जुनं झालं की चामडं सैलावतं हो," ती म्हणाली.